फ्लॅश खेळांकडे वळलं तेव्हा

ब्राउझरला जोडून चालणारं ॲडोबीचं फ्लॅश हे प्लगइन एकेकाळी जाहिराती, ॲनिमेशन, व्हिडिओ असं सगळंच सांभाळायचं. २०१२ मध्ये कंपनीने खेळ आणि दर्जेदार व्हिडिओ यांवर भर द्यायचं ठरवलं. आदल्या वर्षी फ्लॅशमध्ये आलेल्या ‘स्टेज थ्रीडी’ या सोयीमुळे चित्रं रेखाटण्याचं काम ग्राफिक्स कार्डावर सोपवता येऊ लागलं, शेकडो हलती चित्रं न अडखळता पडद्यावर धावू लागली. खेळ बनवणाऱ्यांना बळ मिळालं. पण बटणं, तक्ते, अर्ज असलेली रोजच्या कामाची ॲप्लिकेशन्स बांधणाऱ्या अनेकांना एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टकडे वळावं लागलं. ३१ डिसेंबर २०२० ला तर फ्लॅशच बंद झालं. प्लगइनची दिशा त्याचा मालक ठरवतो. म्हणून एकाच साधनावर विसंबू नये, प्रोग्रामिंगचा पाया पक्का करावा.