शांत माशाचे शेजारी

चिलापी आपल्याला बाजारातून ओळखीची. १९५२ साली ती भारतात आणली गेली आणि पुढे कित्येक तळ्यांत तिने मूळच्या माशांची जागा बळकावली. तिच्याच सिक्लिड कुळात जेमतेम दोन-तीन इंचांचे काही मासे आहेत. ओरिनोको खोऱ्यातला रॅम आणि ॲमेझॉनकडचे अपिस्टोग्रामा ही त्यांतली नावाजलेली मंडळी. दुकानात ती ‘शांत मासे’ म्हणून मिळतात. वर्सोव्यात मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे, पण मी तिच्या फाटकासमोरून जाणारा. माझे शिक्षण घरातल्या तीन फुटी टाकीसमोर झाले आणि पहिला धडा महाग पडला.

टाकीत ॲमेझॉन स्वोर्ड आणि अनुबियासची झाडे, तळाला बारीक वाळू. रॅमच्या जोडीने सपाट दगडावर अंडी घातली आणि सकाळी दगड स्वच्छ. नवखी जोडी आपलीच अंडी खाते असे वाचले होते, म्हणून दोष आईबापांना दिला. पुढच्या खेपेस दिवे मालवून अंधूक उजेडात बसून राहिलो. कोरिडोरस, म्हणजे वाळूत तोंड खुपसून हिंडणारे गरीब मिशाळ मासे, दगडापर्यंत आले आणि सगळे चाटूनपुसून गेले. अंधारात रॅमचा पहारा दुबळा पडतो. कोरिडोरसला मिशांनीच भागते. दिवसा याच्या उलट. रॅमने धडक दिली की इतर मासे पळतात, पण हा अंगावरच्या चिलखताच्या भरवशावर तिथेच रेंगाळतो. एकाचा डोळा गेला. दोघेही ‘शांत’ याच यादीतले!

तेव्हापासून मी माशाचा स्वभाव नंतर विचारतो, आधी मजला विचारतो. बुटका सिक्लिड तळमजल्याचा मालक. पिल्ले झाली की मालकी आणखी कडक होते. अपिस्टोग्रामाची मादी तेव्हा पिवळीधमक होऊन स्वतःहून मोठ्या माशावरही धावते. म्हणून शेजारी वरच्या पाण्यातले, लहान तोंडाचे आणि संथ हवेत. पेन्सिलफिश उत्तम. ते आणखी एक काम करतात: वर निर्धास्त फिरणारे मासे दिसले की खालच्याला कळते, डोक्यावर बगळा नाही. असे शेजारी नसले तर रॅम झाडांत दडून बसतो, त्याचा रंग उतरतो. छंदिष्ट मंडळी अशा माशांना ‘डिथर फिश’ म्हणतात. टायगर बार्ब मात्र नकोत, ते पर कुरतडतात. एंजल सिक्लिडांतलाच, पण भावकीची पिल्ले गिळायला त्याला संकोच नाही.

दुसरी कसोटी पाण्याची. महापालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा पावसाने भरणाऱ्या तलावांचे, म्हणून बरेचसे मृदू. क्लोरीन घालवले की या माशांना मानवते. सोसायटीत टँकर आला की हिशेब बदलतो, तेव्हा मी पाणी बदलणे पुढे ढकलतो. रॅमला २७ ते ३० अंश सेल्सियस लागतात आणि वर्सोव्यात बहुतेक वर्षभर ते हीटरशिवाय मिळतात. पण त्याच्याबरोबर हमखास खपवला जाणारा नियॉन टेट्रा २० ते २५ अंशांतला. तो भांडणाने मरत नाही, उकाड्याने खंगतो. त्याचा भाऊबंद कार्डिनल टेट्रा ओरिनोकोच्या वरच्या भागातला आणि रिओ नेग्रोतला, उबेला सरावलेला. मी तोच घेतो.

आपल्याकडेही एक छोटा सिक्लिड आहे, दक्षिणेच्या खाजणांतला नारिंगी क्रोमाइड. त्याची लहान पिल्ले करिमीन, म्हणजे गोव्यातली कालुंदर, हिच्या अंगावरचे परजीवी टिपतात, असे १९७०च्या दशकात संशोधकांनी नोंदवले. मोठा झाल्यावर तोच मासा तिची अंडी-पिल्ले पळवतो. हे कळल्यावर कोरिडोरसवरचा माझा राग बराच ओसरला. आता ते वेगळ्या टाकीत असतात.

मासे सोडण्याचा क्रमही पाळावा. आधी झाडे दाट होऊ द्यावीत, मग वरचे मासे, आणि सिक्लिडची जोडी सर्वांत शेवटी. आधी सोडली तर ती अख्खी टाकी आपली समजते. तीन फुटांत रॅमची एकच जोडी. दुसरी ठेवायचीच तर मध्ये लाकूड आणि झाडांची भिंत अशी हवी की एका दगडावरून दुसरा दगड दिसता कामा नये.