शिळा पाव आणि सुटे मणी

रविवारी मिसळीसाठी आणलेल्या लादीपावापैकी चार-सहा पाव सोमवारी डब्यात तसेच पडून राहणे, ही आज नाशिकातील अनेक घरांची ठरलेली कथा आहे. ते ताजे नसतात, म्हणून कोणी खात नाही. बिघडलेले नसतात, म्हणून टाकवतही नाहीत. द्राक्षांच्या हंगामात असाच एक दुसरा उपेक्षित जिन्नस आपल्या शहरात येतो. निफाड-दिंडोरीकडील बागांतून घड निवडून पेट्यांत जातात. परंतु घडापासून सुटलेला मणी कितीही गोड असला, तरी त्याला पेटीत स्थान नाही. तो रस्त्याच्या कडेला ढीग घालून स्वस्तात विकला जातो. या दोघांची गाठ घालून देणारा एक परदेशी पदार्थ आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्याचे नाव फ्रेंच टोस्ट. आणि त्यावर घालावयाचा, तो शिजविलेल्या द्राक्षांचा पाक.

नाव ऐकताच पुष्कळ घरांत पहिला प्रश्न निघतो तो अंड्याचा. ज्या एकत्र कुटुंबात तीन पिढ्या एका छपराखाली नांदतात, तेथे हा प्रश्न केवळ रुचीचा नसतो. नातवंडांना अंडे चालते, सुनेला चालते, पण आजेसासूबाईंना त्याच्या तव्याचाही स्पर्श नको असतो. मग नवा पदार्थ स्वयंपाकघरात शिरतो आणि घरातील सर्वांत वडील माणूस आपले ताट घेऊन बाजूस सरते. नव्या पदार्थाची ही किंमत आम्हांस फार मोठी वाटते.

नाशिकच्या परिसराला शिवाशिवीचा हा इतिहास अपरिचित नाही. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपुरी झाला. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक होते की, बाजारातून आलेले जिन्नस धुतल्यावाचून घरात घेतले जात नसत. ती हकीकत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितली आहे. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून केवढे ग्रामण्य माजले आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादास कसे तोंड द्यावे लागले, हे सर्वश्रुतच आहे. त्या काळी भट्टीतला पाव घरात येणे म्हणजे धर्म बाहेर जाणे, असे मानणारी माणसे थोडी नव्हती. आज तोच पाव मिसळीच्या ताटात निःशंकपणे बसला आहे. जे कालपर्यंत निषिद्ध होते ते आज नित्याचे झाले, हे खरे. परंतु म्हणून ज्यांचे मन अंड्यास तयार नाही, त्यांना हिणवावे असे मात्र नव्हे.

सुदैवाने येथे तशी वेळच येत नाही. फ्रेंच टोस्ट म्हणजे अंडे, ही समजूतच अपुरी आहे. आपिकियसच्या नावावर असलेल्या प्राचीन रोमन पाकग्रंथात या पदार्थाचा पूर्वज सापडतो. त्याची कृती अशी की, पांढऱ्या पावाचे कडा काढलेले मोठे तुकडे दुधात भिजवावे, तेलात तळावे आणि वरून मध ओतावा. तीत अंड्याचा उल्लेख नाही! फ्रेंच लोक या पदार्थास ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात. त्याचा अर्थ गमावलेला पाव. इंग्रजांनी त्यालाच ‘विंडसरचे गरीब सरदार’ असे गमतीचे नाव दिले. नावे निरनिराळी असली, तरी मूळ हेतू एकच: हातचे जाऊ पाहणारे अन्न सावरणे. आपल्याकडील शाही तुकडा आणि हैदराबादेतील ‘डबल का मीठा’ ही पावाचीच पक्वान्ने. तीही अंड्यावाचून होतात. शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून मलिदा करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हा विचार फ्रान्सकडून शिकण्याची गरज नव्हती.

आता कृतीकडे वळू. प्रथम पाव. तो आदल्या दिवसाचाच हवा. ताजा पाव दुधात पडताच लिबलिबीत होतो. शिळा पाव घट्ट झालेला असल्याने दूध पितो आणि आकारही राखतो. मात्र शिळा आणि बुरसलेला यांत भेद आहे. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी संपूर्ण लादी टाकून द्यावी. तेवढा भाग कापून बाकीचा वापरण्याची काटकसर घातक होय.

चार पाव आडवे चिरून आठ तुकडे करावे. दीड कप गार दुधात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि थोडे जायफळ घालून ढवळावे. अंड्याचे काम काय असते? उष्णतेने ते घट्ट होते आणि भिजलेल्या पावाला धरून ठेवते. येथे ते काम कॉर्नफ्लोअरचे पीठ करते. ते तळाशी बसते, म्हणून प्रत्येक तुकडा बुडविण्यापूर्वी दूध पुन्हा ढवळणे अगत्याचे आहे. तुकडा दोन्ही बाजूंनी भिजवून, जादा दूध निथळू देऊन, मध्यम आचेवर साजूक तुपात बदामी रंगावर परतावा. आच मोठी ठेवल्यास बाहेरून करपतो आणि आत पिठूळ राहतो. ज्यांना अंडे चालते त्यांनी एक कप दुधास दोन अंडी हे प्रमाण धरावे. तवा मात्र वेगळा ठेवावा, म्हणजे कोणाचेच मन दुखावणार नाही.

पाकासाठी अर्धा किलो सुटे मणी घ्यावे. बागांवर औषधांची फवारणी होत असल्याने ते वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे आणि फुटके-आंबलेले निवडून टाकावे. पिकलेल्या द्राक्षात पाकाला दाटपणा आणणारे पेक्टिन हे द्रव्य थोडे असते. पेरूत ते भरपूर, आणि अर्धवट पिकलेल्या पेरूत विशेष. म्हणून एक मध्यम पेरू चिरून अर्धा कप पाण्यात मऊ शिजवावा व बिया राहतील अशा बेताने गाळून घ्यावा. त्या गरात अर्धे चिरलेले मणी घालून मध्यम आचेवर ठेवावे. मण्यांना पाणी सुटून ते आटू लागले की चार मोठे चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि दोन वेलदोड्यांची पूड घालावी. डाव ओढला असता भांड्याच्या तळाशी क्षणभर वाट उमटली, की उतरावे. गार झाल्यावर पाक आणखी दाटतो. द्राक्षे आंबट, म्हणून कल्हई नसलेले पितळी अथवा अॅल्युमिनियमचे भांडे वर्ज्य करावे, स्टीलचे उत्तम. हा पाक शीतकपाटात चार-पाच दिवस सहज टिकतो. द्राक्षाच्या आंबटपणाने दूध फाटते, म्हणून तो दुधात मुळीच मिसळू नये. टोस्ट पानात आल्यावरच वरून घालावा.

ज्या वडीलधाऱ्यांना पावच चालत नसेल, त्यांच्यासाठी हाच पाक गरम घावनावर अथवा तुपाच्या पोळीवर वाढावा. तो त्यांच्या पानात तितकाच शोभतो, आणि सर्वांच्या ताटात त्या दिवशीचे मुख्य गोड एकच राहते.

गृहिणींच्या दृष्टीने या पदार्थाचे मोल दोन प्रकारचे आहे. टाकाऊ ठरणारे दोन जिन्नस कामी येतात, हा पहिला लाभ. द्राक्ष पिकविणाऱ्याने वर्षभर राबून वाढविलेला मणी मातीमोल होत नाही, हेही त्यातच आले. दुसरा लाभ अधिक मोठा आहे. नवे ते घरात आणावे, परंतु कोणालाही पंगतीबाहेर न बसविता आणावे, ही आपल्या कुटुंबांची जुनी चतुराई होती. ती पावाच्या तुकड्यावरही चालविता येते. येत्या हंगामात सोमवारच्या डब्यात चार पाव उरले, तर वाचकभगिनींनी ते फेकण्यापूर्वी दुधाचे पातेले जवळ ओढावे, एवढीच आमची विनंती आहे.