धाडसाला जागा लागते

विजय तेंडुलकरांनी ‘गिधाडे’ हे नाटक साठच्या दशकाच्या आरंभी लिहिलं. ते रंगमंचावर यायला १९७० उजाडलं. श्रीराम लागूंनी ते थिएटर युनिटतर्फे बसवलं. त्यातल्या माणिक या पात्राच्या साडीवरचा, गर्भपात सुचवणारा लाल डाग सेन्सॉरला चालेना. डाग निळा करावा लागला आणि तो लाल समजावा, असं प्रेक्षकांना सांगण्यात आलं. दोन वर्षांनी कमलाकर सारंगांनी ‘सखाराम बाइंडर’ व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. तेरा प्रयोगांनंतर त्यावर बंदी आली आणि लढा उच्च न्यायालयात गेला. निकाल नाटकाच्या बाजूने लागला, पण व्यावसायिक निर्मात्यासाठी थांबलेला प्रत्येक प्रयोग म्हणजे अडकलेला पैसा. इतकी झळ सोसायला सारंगांसारखे किती जण तयार होणार?

म्हणूनच मला दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक रंगभूमीची गोष्ट महत्त्वाची वाटते. धाडसी नाटकांविषयी लिहिताना आपण नाटककारांपाशी थांबतो. पडलेल्या प्रयोगाचा तोटा कोणाच्या आवाक्यात होता, हे फारसं विचारत नाही.

‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने १९६० पासून सभासदांच्या वर्गणीवर थोडक्या प्रयोगांची नाटकं केली. १९६७ मध्ये राज्य नाट्यस्पर्धेसाठी त्यांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ केलं, अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनात; त्यातली नायिका बेणारे होत्या सुलभा देशपांडे. संस्थेत फूट पडल्यावर या दोघांनी अरुण काकड्यांसह १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था काढली. १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात तिचे प्रयोग सुरू झाले आणि ते १९९२ पर्यंत चालले.

त्याच दादरमध्ये शिवाजी मंदिर हे व्यावसायिक नाटकांचं नाट्यगृह होतं. तिथे तारीख मिळवायची तर नाटक चालणारं हवं, जाहिरात हवी, मोठी तिकीटविक्री हवी. शाळेच्या सभागृहात हा दबाव नव्हता. भव्य नेपथ्य शक्यच नव्हतं, म्हणून त्याचा खर्चही नव्हता. दोन-चार प्रयोगांत नाटक बंद पडलं तरी संस्था बुडत नसे. प्रेक्षक इतके जवळ की शेवटच्या रांगेसाठी चढवलेला आवाज तिथे खोटा वाटायचा. नटाला बोलण्याची पट्टीच बदलावी लागे. प्रायोगिक नाटकातल्या संयत अभिनयाचं श्रेय दिग्दर्शकांइतकंच त्या लहान जागेलाही द्यायला हवं.

आविष्कारने ही जागा स्वतःपुरती ठेवली नाही, हा त्यांचा खरा मोठेपणा. सत्यदेव दुबे आणि अमोल पालेकर यांच्यासारख्यांनीही तिथे काम केलं. मराठीबरोबर हिंदी नाटकंही झाली. एकाच तालमीच्या मंडळींत राहिलेला दिग्दर्शक लवकर स्वतःचीच नक्कल करू लागतो. इथे दुसऱ्या संस्थेचं काम बघणं टळत नव्हतं.

या सगळ्यामागे अरुण काकडे, म्हणजे काकडेकाका होते. तारखा, तालमीची जागा, हिशेब, नव्या मुलांची विचारपूस: रंगभूमीच्या इतिहासात या कामांना ओळभर जागा मिळते, आणि हा मला उघड अन्याय वाटतो. २०१९ मध्ये ते गेले. तोवर सुमारे पाच दशकं त्यांनी ही संस्था चालती ठेवली होती.

छबिलदास सुटल्यावर आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेली. १९९४ मध्ये तिनेच महेश एलकुंचवारांची त्रिनाट्यधारा उभी केली, चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनात: ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’, सलग सुमारे नऊ तास. असा प्रयोग कोणत्याही व्यावसायिक निर्मात्याच्या हिशेबात बसला नसता. तो लावायची हिंमत वीस वर्षं शाळांच्या सभागृहांत कमावलेली होती.