दहा होमस्टे, दहा साइट, प्लगइनचा संच एकच : एकगठ्ठा टाकताना काय सांभाळायचं?

मुरुड (ता. दापोली) : महर्षी कर्वे यांच्या मुरुड गावात आणि शेजारच्या कर्दे, हर्णै, आंजर्ले भागात पर्यटकांना घरगुती खोल्या देणारे बरेच आहेत. पूर्वी रस्त्यावरची पाटी आणि फोन नंबर पुरत होता. आता पुण्या-मुंबईचा पर्यटक घरातून निघण्याआधीच मोबाईलवर खोलीचे फोटो बघतो, भाडं विचारतो. बुकिंगच्या मोठ्या ॲपवर कमिशन जातं, म्हणून स्वतःची साइट असावी असं अनेकांना वाटतं.

अशी साइट गावातला कॉम्प्युटर शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगीही करून देऊ शकते. एका घराची झाली की शेजारचं घर विचारतं. समजा, अशा दहा साइट झाल्या. प्रत्येकीला तीच सात-आठ प्लगइन लागतात. एकेक शोधून टाकायचं म्हटलं तर तेच काम सत्तर-ऐंशी वेळा करावं लागेल. हा संच एकदा ठरवून एकगठ्ठा टाकता येतो. पण घाई केली तर एका घराचं बुकिंग दुसऱ्याच्या मेलवर जाऊ शकतं. म्हणून साइट करणाऱ्याने आणि करून घेणाऱ्याने, दोघांनीही हे समजून घ्यावं.

प्लगइन म्हणजे काय?

वर्डप्रेस हे साइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते 2003 साली आलं आणि आज जगातल्या दर दहा साइटपैकी चारच्या आसपास त्यावरच चालतात. पॉवर टिलरला जे अवजार जोडाल ते काम तो करतो, तसंच इथे आहे. वर्डप्रेस हे इंजिन आणि प्लगइन हे अवजार. चौकशीचा फॉर्म, व्हॉट्सॲपचं बटण, साइटची राखीव प्रत, अशा प्रत्येक कामाला वेगळं प्लगइन असतं. वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत अशी हजारो प्लगइन फुकट मिळतात.

एक गोष्ट आधीच तपासा. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेवर बाहेरची प्लगइन टाकता येत नाहीत. त्यासाठी स्वतःचं होस्टिंग किंवा पैसे भरलेली योजना लागते.

संचात काय असावं?

होमस्टेच्या साध्या साइटला फार काही लागत नाही. चौकशीसाठी 'कॉन्टॅक्ट फॉर्म 7', आलेली चौकशी साठवण्यासाठी 'फ्लेमिंगो', मेल नीट पोचावा म्हणून 'डब्ल्यूपी मेल एसएमटीपी', राखीव प्रतीसाठी 'अपड्राफ्टप्लस', सुरक्षेसाठी 'वर्डफेन्स', गुगलवर साइट नीट दिसावी म्हणून 'योस्ट एसईओ' आणि व्हॉट्सॲप बटणाचं एखादं प्लगइन. एवढ्यात काम भागतं.

यातलं फ्लेमिंगो बरेच जण विसरतात. कॉन्टॅक्ट फॉर्म 7 आलेली चौकशी फक्त मेलने पुढे पाठवतं, स्वतःकडे साठवत नाही. मेल अडकला तर ती चौकशी गेलीच. मे महिन्यात किंवा दिवाळीत तीन खोल्यांची चौकशी अशी गेली तर मालकाला कळतही नाही. फ्लेमिंगो असेल तर ती साइटवर जमा राहते.

वर्डप्रेसबरोबर 'अकिस्मेट' हे स्पॅम अडवणारं प्लगइन अनेकदा आधीच आलेलं असतं. पण ते फुकट आहे फक्त वैयक्तिक साइटसाठी. होमस्टे हा धंदा आहे, त्याला पैसे भरावे लागतात.

एका कामाला एकच प्लगइन ठेवा. साइट वेगवान करणारी दोन किंवा सुरक्षेची दोन टाकली की ती एकमेकांत अडकतात आणि साइट वेगवान होण्याऐवजी बंद पडते.

एकगठ्ठा टाकायचे चार मार्ग

पहिला मार्ग आवडत्या यादीचा. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर फुकट खातं काढायचं आणि हव्या त्या प्रत्येक प्लगइनच्या पानावर हृदयाच्या खुणेवर बोट ठेवायचं. मग कुठल्याही नव्या साइटच्या डॅशबोर्डवर प्लगइन, ॲड न्यू, फेव्हरिट्स असं जाऊन आपलं युजरनेम टाकायचं. सगळी यादी समोर येते. इन्स्टॉलचं बटण प्रत्येकासमोर दाबावं लागतं, पण शोधाशोध वाचते आणि सारख्या नावाचं भलतंच प्लगइन येत नाही. नंतर इन्स्टॉल्ड प्लगइनच्या पानावर सगळ्यांना खूण करून 'बल्क ॲक्शन्स'मधून ती एकदम चालू करता येतात. हे सगळं मोबाईलच्या ब्राउझरवरही होतं.

दुसरा मार्ग होस्टिंगच्या पॅनेलचा. 'सॉफ्टॅक्युलस' आणि 'डब्ल्यूपी टूलकिट' या साधनांत प्लगइनचे 'सेट' करून ठेवायची सोय आहे. संचाला नाव द्यायचं आणि नवीन वर्डप्रेस टाकताना तो निवडायचा. साइट आणि प्लगइन एकदमच बसतात. होस्टिंग देणाऱ्याने ही सोय उघडी ठेवली असेल तरच ती दिसते, म्हणून पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं.

तिसरा मार्ग 'डब्ल्यूपी-सीएलआय'चा. यात माउस नाही, आज्ञा टाइप करायची असते. इन्स्टॉलच्या एका आज्ञेपुढे सगळ्या प्लगइनची छोटी नावं जागा सोडून लिहायची आणि शेवटी 'ॲक्टिव्हेट' जोडायचं. छोटं नाव म्हणजे प्लगइनच्या पानाच्या पत्त्यातला शेवटचा भाग. ही ओळ एकदा लिहून जपून ठेवली की दहाव्या साइटलाही तीच चिकटवता येते. दहा-वीस साइट सांभाळणाऱ्याला हा मार्ग सगळ्यात वेगवान पडतो.

चौथा मार्ग कॉपीचा. एक साइट पूर्ण तयार करायची आणि 'डुप्लिकेटर'सारख्या प्लगइनने तिच्या प्रती काढायच्या. हे सगळ्यात सोपं दिसतं, आणि गडबडही यातच जास्त होते.

संच सारखा, माहिती वेगळी

पहिल्या तीन मार्गांनी फक्त प्लगइन येतात. त्यांची सेटिंग प्रत्येक साइटवर नव्याने भरावी लागतात. चौथ्या मार्गाने सेटिंगसुद्धा जशीच्या तशी येतात. म्हणजे पहिल्या घराचा मेल, व्हॉट्सॲप नंबर आणि राखीव प्रत ठेवायचं गुगल ड्राइव्हसुद्धा.

ते बदलायचं राहिलं तर दुसऱ्या घराचे फोटो बघून पर्यटक चौकशी करतो आणि ती जाते पहिल्या घराच्या मालकाकडे. साइट छान दिसते, फोन मात्र वाजत नाही. वर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाकडं येतं ते वेगळंच.

म्हणून प्रत्येक साइट देताना चार गोष्टी मालकासमोर तपासाव्यात. फॉर्ममधून खरी चौकशी पाठवून ती मालकाच्या मेलवर आली का. व्हॉट्सॲप बटण दाबल्यावर मालकाचाच नंबर उघडतो का. राखीव प्रत मालकाच्याच ड्राइव्हवर जाते का. आणि साइटच्या ॲडमिनचा मेल मालकाचा आहे का. ही शेवटची गोष्ट किरकोळ नाही. 2019 सालच्या 5.2 आवृत्तीपासून एखाद्या प्लगइनमुळे साइट बंद पडली तर दुरुस्तीसाठी आत शिरायची लिंक वर्डप्रेस त्याच मेलवर पाठवतं. तो मेल दुसऱ्याचा असेल तर दाराची किल्ली दुसऱ्याच्या घरी राहिली असं समजा.

कीड लागली तर सगळ्यांना

सगळ्या साइटवर एकच संच असला की एका प्लगइनमधली चूक दहाही साइटना एकाच वेळी लागू होते. 2020 च्या सप्टेंबरमध्ये 'फाइल मॅनेजर' या प्लगइनमध्ये मोठं भोक सापडलं. ते सात लाखांहून जास्त साइटवर होतं. त्यातून लॉगिन न करताच कोणीही साइटमध्ये स्वतःची फाइल टाकू शकत होतं. 1 सप्टेंबरला दुरुस्त आवृत्ती आली, पण ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्या साइट उघड्याच राहिल्या. 2024 च्या ऑगस्टमध्ये तसंच 'लाइटस्पीड कॅश'मध्ये झालं. हे प्लगइन 50 लाखांहून जास्त साइटवर आहे. 6.4 या आवृत्तीत ते भोक बुजवलं गेलं.

दोन्ही वेळा औषध एकच होतं : अपडेट. 2020 च्या ऑगस्टमधल्या 5.5 आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये प्लगइन आपोआप अपडेट करायची सोय आहे. तीही 'बल्क ॲक्शन्स'मधून सगळ्यांना एकदम लावता येते. अपडेटने क्वचित साइट बिघडते, म्हणून राखीव प्रत रोज निघेल अशी व्यवस्था करा. न लागणारं प्लगइन बंद करून ठेवू नका, काढूनच टाका. बंद प्लगइनची फाइल सर्व्हरवर राहते आणि तिच्यातली चूकही राहते.

विकतच्या प्लगइनची फुकट प्रत, जिला 'नल्ड' म्हणतात, ती कोणी दिली तरी संचात घेऊ नका. अशा प्रतीत अनेकदा चोरवाट ठेवलेली असते. एका साइटवर टाकली तर एक घर जातं, संचात टाकली तर सगळी वाडी.

राखीव प्रतीचं महत्त्व या किनाऱ्याला वेगळं सांगायला नको. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली तालुक्यात घरं, बागा, विजेचे खांब पडले. साइटची एकुलती प्रत घरातल्या कॉम्प्युटरवर असेल तर तीही अशा वेळी जाते. प्रत बाहेर, स्वतःच्या खात्यावर असावी.

मालकाने काय विचारायचं?

साइट करून घेणाऱ्याला हे सगळं तांत्रिक शिकायची गरज नाही. पैसे देण्याआधी एवढंच विचारा. कोणकोणती प्लगइन टाकली त्याची यादी कागदावर द्याल का? ॲडमिनचा पासवर्ड आणि मेल माझ्या नावावर आहे का? अपडेट कोण करणार, वर्षाला किती घेणार? राखीव प्रतीवरून साइट परत उभी करून एकदा दाखवाल का?

करून देणाऱ्यानेही वर्षाचा देखभालीचा आकडा आधीच सांगावा. संच टाकायला एक दुपार पुरते. पुढची पाच वर्षं तो सांभाळावा लागतो, आणि मोल खरं त्याचं आहे. पावसाळ्यात पर्यटक कमी असतात, तेव्हा हे काम उरकून घ्यावं. गणपती झाले की हंगामाची चौकशी सुरू होते. त्याआधी प्रत्येकाने आपल्याच साइटवरून स्वतःला एक चौकशी पाठवून बघावी.