इम्युनिटी 'वाढवायची' म्हणजे नेमकं काय? हळदीच्या वाईतून समजून घ्या

वाई म्हटलं की ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट आणि मेणवलीचा वाडा आठवतो. व्यापाऱ्यांना मात्र वाई आठवते ती हळदीसाठी. कृष्णेच्या या खोऱ्यात हळदीचं पीक जुनं आहे आणि वाईच्या बाजार समितीत तिचे सौदे होतात. नदीच्या कडेकडेने खाली गेलं की सांगली, म्हणजे हळदीची देशातली मोठी पेठ. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

हळदीचं दूध पिऊन साथ थांबत असती, तर कोरोना सातारा-सांगलीच्या वेशीवरूनच परत गेला असता.

झालं उलटंच. दुसरी लाट राज्यात इतरत्र ओसरली तरी या पट्ट्यात ती रेंगाळत राहिली. ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला राज्य सरकारने बहुतेक जिल्ह्यांतले निर्बंध सैल केले. ज्या ११ जिल्ह्यांना ही सवलत मिळाली नाही, त्यात सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पुणे हे चारही होते.

यात हळदीचा काही दोष नाही. जे काम तिचं नव्हतंच ते तिच्यावर सोपवलं गेलं. आणि हे फक्त कोरोनापुरतं नाही. फ्लूची साथ असो, डेंग्यू असो की उद्या एखादा नवा विषाणू, बातमी आली की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर काढ्याची रेसिपी येते आणि मेडिकलच्या काउंटरवर 'इम्युनिटी बूस्टर'च्या बाटल्या लागतात. म्हणून आधी हे बघू की इम्युनिटी म्हणजे काय आणि ती वाढते तरी कशी.

शक्ती नाही, व्यवस्था

आपण 'रोगप्रतिकारशक्ती' म्हणतो. खरं तर घोटाळा या शब्दातल्या 'शक्ती'पासूनच सुरू होतो. शक्ती म्हटलं की ती दंडातल्या ताकदीसारखी वाटते, खुराक दिला की वाढणारी. प्रत्यक्षात ती एक व्यवस्था आहे, गावाच्या बंदोबस्तासारखी.

तिची पहिली फळी म्हणजे त्वचा, नाका-घशातला चिकट स्राव आणि कोणताही परका जंतू दिसला की धावून जाणाऱ्या पेशी. ताप येणं, अंग दुखणं, नाक वाहणं ही या फळीचीच कामं. म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाची इम्युनिटी 'कमी' असते असं नाही, ती जोरात कामाला लागलेली असते.

दुसरी फळी जरा हुशार, पण संथ. ती त्या विशिष्ट विषाणूची ओळख पटवते, त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते आणि त्याचा चेहरा लक्षात ठेवते. विषाणू नवा असेल तर या कामाला साधारण एक-दोन आठवडे लागतात. तेवढ्या वेळात आजार पुढे निघून जाऊ शकतो.

आता या व्यवस्थेला सरसकट 'बूस्ट' करणं चांगलं का? कोरोनाने याचं फार कडू उत्तर दिलं. अनेक गंभीर रुग्णांमध्ये फुप्फुसांचं नुकसान विषाणूपेक्षा शरीराच्याच बेभान प्रतिकारामुळे होत होतं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीचे निकाल आले आणि डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध जीव वाचवतं हे सिद्ध झालं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. हे औषध स्टेरॉइड आहे. ते प्रतिकारयंत्रणेला आवरतं, शांत करतं. जग इम्युनिटी वाढवायच्या मागे लागलं होतं, तेव्हा आयसीयूमध्ये ती दाबून माणसं वाचवली जात होती.

त्याची दुसरी बाजूही महाराष्ट्राने लगेच पाहिली. स्टेरॉइडचा अतिरेक आणि हाताबाहेर गेलेली रक्तातली साखर एकत्र आली आणि २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे 'काळ्या बुरशी'चे रुग्ण वाढले. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा जबडा. यंत्रणा फार चढली तरी धोका, फार दबली तरी धोका.

मग हळदीचं काय?

३१ मार्च २०२० ला आयुष मंत्रालयाने एक सूचनापत्रक काढलं. गरम पाणी, योगासनं, च्यवनप्राश, तुळस-दालचिनी-काळी मिरी-सुंठ-मनुक्याचा काढा आणि अर्धा चमचा हळद घातलेलं दूध. घरोघरी काढा उकळायला लागला तो यानंतर. हे उपाय म्हणजे कोविडवरचा इलाज असल्याचा दावा नाही, असं त्याच पत्रकात लिहिलेलं होतं. फॉरवर्ड होता होता ती ओळ गळून पडली.

हळदीचा थोडा हिशेब करून बघू. तिच्यातला ज्या घटकाचा गाजावाजा होतो तो कर्क्युमिन. हळदपुडीत तो साधारण ३ टक्के असतो. अर्धा चमचा म्हणजे दीड ग्रॅम हळद धरली तर कर्क्युमिन भरतं सुमारे ४५ मिलिग्रॅम. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये निरोगी माणसांना एकदम २ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं, म्हणजे साठ-पासष्ट ग्रॅम हळदीतून निघेल तेवढं. तरीही ते रक्तात जवळपास सापडलंच नाही. काळ्या मिरीतलं पायपरीन सोबत दिल्यावर मात्र त्याचं शोषण कित्येक पटींनी वाढलं.

इथून एक धंदाच उभा राहिला: कर्क्युमिन आणि मिरीचा अर्क एकत्र केलेल्या कॅप्सूल. पण शोषण वाढलं म्हणजे फायदाच वाढला असं नसतं. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद आहे.

गुळवेलीची गोष्ट तर घरचीच. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले ६ रुग्ण सापडले. सगळे गुळवेल घेत होते. २०२१ मध्ये हे निष्कर्ष छापून आल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे नीट तपासलं नाही असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास आला. वाद पूर्ण मिटलेला नाही, पण एवढं नक्की की 'नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही ना' हे वाक्य यकृताला लागू पडत नाही. मधुमेह, थायरॉइड किंवा आधीच यकृताचा त्रास असलेल्यांनी तर रोज काढे आणि अर्क घेण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

आणि व्हिटॅमिन सी? रोज गोळी घेतल्याने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही. सर्दी व्हायच्या आधीपासून नियमित घेत असाल तर ती थोडी लवकर बरी होते, मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के वेळ वाचतो. आठ दिवसांची सर्दी साधारण सव्वासात दिवसांवर येते, इतकंच. त्यापेक्षा रोज एक पेरू खाल्ला तर बरं, तोंडाला चवही येईल.

वरणात, भाजीत, दुधात हळद घालायला अर्थातच कुणाची हरकत नाही. घसा दुखत असताना गरम काढ्याने बरं वाटतं हेही खरं. अडचण तेव्हा होते, जेव्हा काढा प्यायलाय या भरवशावर माणूस मास्क काढतो, लस टाळतो किंवा दम लागत असताना चार दिवस घरीच थांबतो.

साथीत माणसं नेमकी कशाने वाचतात?

२ एप्रिल २०२१. रंगपंचमीचा दिवस. वाई तालुक्यातल्या बावधनचं बगाड याच दिवशी निघतं. काशीनाथाचा गजर, बैलांच्या जोड्या आणि सोनेश्वरापासून गावापर्यंतची मिरवणूक ही तिथली मोठी श्रद्धा. त्या वर्षी यात्रेला मनाई होती. तरीही बगाड निघालं, गर्दी झाली आणि पोलिसांनी ग्रामस्थांवर गुन्हे दाखल केले.

गुन्ह्यांची चर्चा खूप झाली, पण एक तारीख बघण्यासारखी आहे. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं आणि ४५ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ते खुलं झालं १ एप्रिलला. म्हणजे बगाडाच्या आदल्याच दिवशी. बगाडासोबतची तरुण पोरं तर रांगेतही नव्हती. ज्या दुसऱ्या फळीला विषाणूची ओळख असायला हवी, ती बहुतेकांची कोरी होती. अशा वेळी खांद्याला खांदा लावलेल्या गर्दीत कुणी काय काढा प्यायलाय याने फार फरक पडत नाही.

याच्या उलट उदाहरणही याच भागातलं आहे. मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या चौघांना लागण झाल्याचं कळलं. आठवडाभरात आकडा पंचवीसच्या घरात गेला आणि सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष तिकडे लागलं. तेव्हा लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं. प्रशासनाने तो परिसर बंद केला, संपर्कातली माणसं शोधून वेगळी ठेवली, चाचण्या केल्या. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यातले जवळपास सगळे बरे होऊन घरी गेले आणि साखळी तिथेच तुटली. कुणाचीही इम्युनिटी रातोरात वाढली नव्हती. विषाणूला पुढचा माणूस मिळाला नाही, एवढंच.

लस काय करते, तर दुसऱ्या फळीची रंगीत तालीम करून घेते. खरा विषाणू येईल तेव्हा ओळख पटवण्यातले ते एक-दोन आठवडे वाचतात. 'इम्युनिटी वाढवणं' हे शब्द एखाद्या गोष्टीला अगदी नेमके लागू पडत असतील तर ते लसीला.

हवेचं म्हणाल, तर वाईकरांना ते नव्याने सांगायला नको. पसरणी घाट चढून गेलं की पाचगणी. तिथे डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी बेल एअर हे आरोग्यधाम सुरू केलं, ते तिथली मोकळी हवा बघूनच. क्षय जिवाणूमुळे होतो आणि नुसत्या हवेने तो बरा होत नाही. पण मोकळ्या हवेत श्वासातून पसरणारे जंतू विरतात, कोंदट खोलीत साचतात. फ्लू आणि कोरोनालाही हेच लागू आहे. घरात कुणी आजारी असेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघडा, आजारी माणसाची खोली वेगळी ठेवा, काळजी घेणाऱ्याने चांगला बसणारा एन-९५ मास्क लावा. एसटीची काच थंडीत बंद ठेवायचा मोह होतो, साथीच्या दिवसांत तो टाळलेला बरा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. आधी साथ कसली आहे ते विचारा. डेंग्यू आणि चिकुनगुनिया हेही विषाणूच, पण ते डासांमुळे पसरतात. तिथे मास्कचा उपयोग नाही. गच्चीवरची टाकी झाकणं, कूलर आणि कुंड्यांमधलं पाणी दर आठवड्याला ओतून टाकणं हेच काम. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन घ्यायचं नाही, रक्तस्रावाचा धोका असतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या प्रमाणात.

आपल्या हातात काय आहे?

जिथे कमतरता आहे, तिथे ती भरून काढणं. यंत्रणा नीट चालायला प्रथिनं लागतात, म्हणून ज्वारीच्या भाकरीसोबत उसळ, डाळ, अंडं किंवा दूध रोजच्या ताटात हवं. पावडरचा महागडा डबा नसला तरी चालेल.

झोपेबद्दल तर थेट पुरावा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ जणांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. रात्री दोनपर्यंत रील्स बघत इम्युनिटीच्या टिप्स सेव्ह करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

साखर आणि बीपीच्या गोळ्या साथीत चुकवायच्या नाहीत. तंबाखू, सिगारेट सुटत असेल तर याहून चांगली वेळ नाही. पातेल्यावर डोकं धरून वाफ घेतल्याने विषाणू मरत नाही, मात्र गरम पाणी सांडून मुलं भाजल्याच्या घटना घडल्या आहेत. साठीपुढच्यांनी, गरोदर बायकांनी आणि दमा, मधुमेह असलेल्यांनी फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. विषाणू बदलत राहतो, त्यामुळे ही लस दरवर्षी घ्यावी लागते.

आणि बसल्या जागी दम लागला, ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली गेला, तीन दिवसांनंतरही ताप उतरला नाही, लघवी कमी झाली, माणूस बरळायला किंवा गुंगायला लागला, डेंग्यूच्या तापात पोटात जोरात दुखायला लागलं किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात जा.