पाचातले एक घर कुलपात

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका परिसंवादाच्या निमित्ताने पणजीस जाण्याचा योग आला. महाविद्यालयाकडून मिळणारा प्रवासभत्ता किती असतो, हे या पानाच्या वाचकांपैकी पुष्कळांना स्वानुभवाने ठाऊक असेल. त्या भत्त्यात बसणारी खोली शोधीत मी बसस्थानकापासून जुन्या वस्तीपर्यंत संध्याकाळचे तीन तास पायपीट केली. अखेर जी मिळाली तिचे एका रात्रीचे भाडे तीन हजार दोनशे रुपये होते. जाहिरातीतील छायाचित्रात तिच्या खिडकीतून नदी दिसत होती. प्रत्यक्षात ती खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीशी उघडत होती. झोप येईना म्हणून त्या इमारतीतले दिवे मोजू लागलो. सहा मजले, चोवीस सदनिका. उजेड होता तिघांकडे. सकाळी तेथल्या रखवालदाराला सहज विचारले. तो म्हणाला, "सगळ्या विकलेल्या आहेत, सर. मालक मुंबई-पुण्याचे. वर्षाकाठी चार दिवस येतात. काही तेही येत नाहीत."

एका रात्रीच्या निरीक्षणावरून सिद्धान्त मांडू नये, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. परंतु येथे आकडेवारीही त्याच दिशेने बोट दाखवते. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ३३ कोटी वास्तूंपैकी अडीच कोटींच्या आसपास रिकाम्या आढळल्या. म्हणजे शंभरात साडेसात. गोव्यात हेच प्रमाण दर पाचांमागे सुमारे एक इतके होते. त्यानंतर पुढची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे तुलनेला ताजा आकडा नाही. या सगळ्या वास्तू सुट्टीच्या घरांपैकी नव्हेत, हेही लगेच सांगितले पाहिजे. कोणाचे वारस आखातात किंवा लिस्बनमध्ये आहेत, कोठे वाटणीचा दावा चालू आहे. तथापि मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेली एका शयनगृहाची सदनिका त्यांत पुष्कळ आहे, हे पर्वरी किंवा ताळगावच्या कोणत्याही नव्या वसाहतीत संध्याकाळी फेरी मारल्यास दिसेल.

खोली शोधणारा प्रवासी आणि घराला कुलूप लावून बसलेला मालक हे दोघे एकाच वर्गातले, पुष्कळदा एकाच शिक्षकांच्या खोलीत शेजारी बसणारे. म्हणून दोघांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी एकत्रच सांगतो.

प्रथम प्रवाशाविषयी. खोलीची रात्र हा नाशिवंत माल आहे. मंडईतली मेथी संध्याकाळी उतरत्या भावाने तरी विकली जाते. रिकामी गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी कोणत्याच भावाने विकता येत नाही. शनिवारी चढ्या दराने जाणारी खोली मंगळवारी रिकामी असते, आणि मंगळवारच्या गिऱ्हाईकाशी मालक गोडीने बोलतो. रविवारी दुपारी पोहोचून गुरुवारी सकाळी निघावे. नाताळ ते नववर्ष, कार्निव्हल आणि नोव्हेंबरातील चित्रपट महोत्सवाचे दिवस टाळावेत. शाळेच्या सुट्ट्या आपल्या हातात नाहीत हे खरे. पण प्राध्यापकांनी आणि कारकुनांनी शिल्लक रजा शनिवार-रविवारला जोडून घेण्याची जी सवय लावून घेतली आहे, तिची किंमत हॉटेलवाला बरोबर वसूल करतो.

माझे मत विचाराल तर काटकसरीच्या प्रवाशाने पणजी पाहावी ती पावसाळ्यात. समुद्रात उतरणे त्या दिवसांत धोक्याचे असते आणि किनाऱ्यावरची खोपटी मोडलेली असतात, म्हणूनच गर्दी नसते आणि दर उतरतात. परंतु शहर कोठे जात नाही. फोंताइन्याशच्या गल्ल्या, पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालय (याचे मूळ १८३२ पर्यंत जाते), जुन्या गोव्यातील १६०५ साली प्रतिष्ठापित झालेले बॉम जेझूस चर्च, मांडवीवरून चोडणला जाणारी फेरीबोट: यांतील कशालाही ऊन लागत नाही, आणि फेरीबोटीत पायी चढणाऱ्यास तिकीटही लागत नाही. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक मात्र निराळे असते. गाड्या सावकाश धावतात, तेव्हा परतीच्या दिवशीच कामावर रुजू होण्याचा बेत आखू नये. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. गणपतीच्या आगेमागे मात्र हा सल्ला गुंडाळून ठेवावा. त्या दिवसांत या मार्गावर चाकरमान्यांचा हक्क पहिला.

स्वस्ताईचा खरा हिशेब गाडीतून उतरल्यावर सुरू होतो. अपरात्री मडगावला उतरून टॅक्सीने पणजी गाठणाऱ्यास ती टॅक्सी मुंबईहून आणणाऱ्या शयनयानाच्या तिकिटाहून महाग पडते. म्हणून रात्री निघून सकाळी पोहोचणारी कोकणकन्या बरी. सकाळी कदंबाची न थांबणारी बस मिळते. खोली बसस्थानकापासून पायी अंतरावर घ्यावी, जरी ती पाचशे रुपये महाग असली तरी. किनाऱ्याजवळची आडबाजूची स्वस्त खोली दिवसातून दोनदा वाहन मागते. पणजीत राहिले की मिरामार, जुने गोवे, फोंड्याची देवळे, शुक्रवारचा म्हापशाचा बाजार, सारे बसने होते. भाड्याची दुचाकी घ्यायचीच असेल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्यावी. खाजगी पाटीची गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील. दर ठरवताना कर धरून किती, हे विचारावे. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कोणी जुन्याच दराने आकारू लागला तर बिल मागावे. मंगेशी, कवळे येथील देवस्थानांच्या अग्रशाळांत स्वच्छ खोल्या असतात, पण त्या भाविकांसाठी आहेत. देवदर्शनाचे निमित्त करून सहलीचा मुक्काम टाकणे बरे दिसत नाही. न्याहारीला भाजी-पाव खावा. याविषयी अधिक लिहीत नाही.

आता मालकाविषयी, आणि येथे थोडे कटू बोलावे लागेल.

माझ्या एका सहकाऱ्याची पर्वरीस सदनिका आहे. आज विकली तर चाळीस लाख येतील, असे तो म्हणतो. आपण तेच धरू. ही रक्कम बँकेत मुदतठेवीत असती तर साडेसहा टक्क्यांनी वर्षास दोन लाख साठ हजार व्याज आले असते. सोसायटीची वर्गणी, घरपट्टी, विजेचा स्थिर आकार, पावसाळ्यानंतरची रंगसफेदी, गंजलेल्या जाळ्या, बुरशी आलेल्या गाद्या, यांसाठी वर्षाकाठी साठ हजार धरले. एकूण तीन लाख वीस हजार. कुटुंब वर्षातून सोळा रात्री तेथे राहते. म्हणजे एका रात्रीचे वीस हजार रुपये! मी ज्या खोलीविषयी तक्रार केली ती तीन हजार दोनशेची होती.

हा हिशेब मी त्याला दाखवला तेव्हा तो म्हणाला, "पण जागेची किंमत वाढते आहे ना?" वाढते, परंतु जमिनीची वाढते, इमारत मात्र समुद्राच्या खाऱ्या हवेत दरवर्षी जुनी होते, आणि सदनिकेच्या मालकाच्या वाट्यास जमीन फार थोडी येते. शिवाय सुट्टीचे घर विकायचे म्हटले की गिऱ्हाईक चटकन मिळत नाही. मुलांची फी किंवा घरातले आजारपण गिऱ्हाइकाची वाट पाहत थांबत नाही. आपल्या वर्गाने हे सारे कळूनही अशी घरे घेतली, यामागे केवळ लोभ नव्हता. चाळीच्या खोलीत वाढलेल्या माणसाला समुद्राकडे तोंड करून स्वतःचे दार असावेसे वाटले, हे मला समजते. पण समजणे वेगळे आणि निवृत्तीच्या निधीचा मोठा वाटा तेथे अडकवणे वेगळे.

ज्यांनी घेतले नाही त्यांनी घेऊ नये. सोळा रात्री तीन हजारांच्या खोलीत राहिले तर अठ्ठेचाळीस हजार लागतात. व्याजातले दोन लाखांहून अधिक शिल्लक राहतात.

ज्यांनी घेतले आहे त्यांच्यापुढे दोन मार्ग आहेत. एक, पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने देणे. यासाठी गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयास कळवावी लागते. सोसायटीची संमती लेखी घ्यावी, तोंडी संमती पहिल्या भांडणात विरते. विमापत्रात घर सलग रिकामे राहिल्यास काय होते, ते कलम आधी वाचावे. उत्पन्नाचे स्वप्न मात्र आवरते घ्यावे. वर्षात ऐंशी रात्री, सरासरी दोन हजारांनी, भरल्या असे धरा: एक लाख साठ हजार. झाडलोट, धुलाई, वीज, देखरेख करणारा माणूस, आरक्षण मिळवून देणाऱ्याचे दलाल-शुल्क यांत साठेक हजार जातात. उरलेल्या लाखातून वरचा साठ हजारांचा देखभालीचा खर्च भागवला की हाती चाळीस हजार, म्हणजे भांडवलावर एक टक्का. आणि चारशे मैलांवरून फोनवर नळ दुरुस्त करवून घेण्याचा त्रास फुकट.

दुसरा मार्ग कोणी सांगत नाही, कारण त्यात दलालाला मिळकत थोडी. घर अकरा महिन्यांच्या करारावर तेथल्याच एखाद्या नोकरदाराला द्यावे. महिना पंधरा हजार धरले तरी वर्षात दीड लाखाच्या वर जातात; भिंतींना बुरशी येत नाही, कारण खिडक्या रोज उघडतात. प्राप्तिकरात घरभाड्यातून घरपट्टी आणि तीस टक्के ठरीव वजावट मिळते. याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्याच परिसंवादात भेटलेल्या पणजीच्या एका तरुण अधिव्याख्यात्याने मला सांगितले की, लग्न ठरले असूनही त्याला शहरात भाड्याने घर मिळेना. घरमालक पर्यटकांच्या आशेने घरे रिकामी ठेवतात, आणि दिलेच तर मेअखेर रिकामे करण्याच्या अटीवर. तो रोज फोंड्याहून बसने ये-जा करीत होता. तो ज्या इमारतींवरून जात होता, त्यांतल्या चोवीसांपैकी एकवीस सदनिका अंधारात होत्या.

सहकाऱ्याने महिनाभर माझ्याशी बोलणे टाकले होते. नंतर त्याने घर पर्वरीच्याच एका माध्यमिक शाळेतील शिक्षिकेला करारावर दिले. गेल्या जुलैत तो सपत्नीक पणजीस गेला, सोमवारी पोहोचला, बसस्थानकाजवळच्या खोलीत चार रात्री राहिला. दर एक हजार चारशे, कर धरून. एका संध्याकाळी दोघे स्वतःच्या घरी चहाला गेले. बाल्कनीत त्यांनी लावलेला सोनचाफा सुकलेला होता. शिक्षिकेने त्या कुंडीत कढीपत्ता लावला आहे.