संमिश्र हवामान आणि वास्तुरचनेचे संगणकीय गणित : जबलपूरच्या संदर्भात

ऊर्जा संधारण इमारत संहितेच्या वर्गीकरणात जबलपूर ‘संमिश्र’ हवामानाच्या विभागात मोडते. मे महिन्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो, पावसाळ्यात हवा दमट होते आणि पौषातल्या रात्री बोचऱ्या असतात. उन्हाळ्यात दिलासा देणारा कूलर श्रावणात निरुपयोगी ठरतो. एका ऋतूतील उपाय दुसऱ्या ऋतूत अपाय ठरू शकत असल्याने केवळ अनुभवावर विसंबून घराचा आराखडा ठरविणे येथे अवघड जाते.

अशा वेळी ‘एनर्जीप्लस’सारखी संगणकीय साधने साहाय्यभूत होतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००१ मध्ये प्रसृत केलेली ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. भिंतींचे थर, खिडक्यांची मापे, वास्तूची दिशा आणि स्थानिक हवामानाच्या नोंदी पुरविल्या की ती वर्षातील ८,७६० तासांचा उष्णतेचा जमाखर्च मांडते. जबलपूरच्या नोंदींची संचिकाही त्यासाठी उपलब्ध आहे.

या गणितातून दिशांचे महत्त्व स्पष्ट होते. जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. २१ जूनला माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर, तर २१ डिसेंबरला क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवर असतो. म्हणून दक्षिणेकडील खिडकीचा छज्जा उन्हाळ्यातील ऊन अडवितो आणि हिवाळ्यातील ऊन आत येऊ देतो. पश्चिमेस मात्र तिरपे ऊन छज्ज्याखालून घरात शिरते. छत तर दिवसभर तापत राहते.

छताची उष्णता-पारगम्यता प्रति चौरस मीटर, प्रति केल्विन १.२ वॅटपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा ‘इको निवास संहिता २०१८’ने घातली. उघडा काँक्रीटचा स्लॅब या कसोटीला उतरत नाही. परंतु या आकड्यात छताच्या रंगाचा विचार नसतो. चुन्याचा पांढरा हात दिल्याने किती ऊन परावर्तित होते, हे तासागणिक केलेले गणितच सांगू शकते.

ही संहिता ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी होती. लहान भूखंडावरील एकमजली घर, ज्याच्या प्रत्येक खोलीवर तापणारे छत असते, तिच्या कक्षेबाहेर राहिले. अशा घरांचे नकाशे कागदावर असतानाच हे गणित मांडले गेले, तर त्याचा लाभ सर्वाधिक गरजूंपर्यंत पोहोचेल. पाया भरल्यानंतर दिशा बदलता येत नाही.